बेनेदिक्तच्या हातची सुपारी

मी, सिल्व्हेरियस कोराई, वय वर्षे एकाहत्तर, धंदा होड्यांची इंजिने दुरुस्त करणे, राहणार तोबारा, बोगनव्हिल बेट, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणी न सांगता लिहीत आहे. अक्षर वाकडे आले आहे ते म्हातारपणाने नव्हे. काल दुपारी रेडिओवर सार्वमताचा निकाल ऐकला. शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांनी बेटाचा स्वतंत्र देश मागितला. तेव्हापासून बोटे ताल धरून आहेत, आणि आनंद पोटात मावत नाही.

एक. मार्चमधले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यातले ‘माझा मेहुणा बेनेदिक्त याने माझ्या मयताला पाऊल टाकू नये’ हे कलम कालच मोडीत निघाले. कसे ते पुढे येईल.

दोन. जमीन देण्याचा मला अधिकार नाही. आमच्यात ती आईकडून मुलीकडे जाते, पुरुष तिच्यावर नुसता राबतो. मी राहतो ती जागा माझ्या पत्नीची, कै. पर्पेतुआची होती. आता ती मुलगी स्कोलास्तिकाची आहे. घराच्या फळ्या मी कापल्या, त्याही तिच्याच. हत्यारांची पेटीसुद्धा तिलाच. जावयाने विचारल्याशिवाय पेटी उघडू नये, माझा चांगला पाना त्याने समुद्रात घालवला आहे.

तीन. खोबरे पिळायचा घाणा नात आग्नेसला. वेगळे होण्याच्या लढाईत सरकारी सैन्याने बेटाची नाकेबंदी केली होती, डिझेलचा थेंब मिळत नव्हता, तेव्हा याच घाण्याच्या तेलावर मी ट्रक पळवला. सगळ्या रस्त्याला तळणाचा वास येई. नवा देश अडला तर आग्नेसने तो उसना द्यावा.

चार. याच नाकेबंदीत पर्पेतुआ हिवतापाने गेली. गोळ्या होत्या त्या सैन्याच्या छावणीत, आणि तिचा भाऊ बेनेदिक्त त्याच बाजूला. तो गोळ्या घेऊन आला, पण तिला पुरल्यावर दोन दिवसांनी. गोळ्यांची ती फडक्यातली पुडी मी उघडली नाही आणि त्याच्याशी सव्वीस वर्षे बोललो नाही.

काल देवळासमोर सगळे गाव रेडिओभोवती होते. आकडा ऐकला आणि मी गुडघे विसरून नाचलो. कोणीतरी सुपारी, चुना आणि नागवेलीची शेंग पुढे केली. मी न बघता तोंडात टाकली. लाल पिंक टाकून वर पाहतो तो समोर बेनेदिक्त, त्याचेही तोंड लाल. आमच्यात दोन वैऱ्यांनी गावादेखत एकत्र सुपारी चघळली की वैर मिटले. ते पुन्हा उकरता येत नाही.

“काय दाजी, लागली का चांगली?”

“तू आहेस हे कळलं असतं तर थुंकली असती.”

“आता बसा बोंबलत. अख्ख्या गावानं पाहिलंय.”

“मत कुठं दिलंस? त्या दोन टक्क्यांत तूच असणार.”

“स्वतंत्र देशाला दिलं. रांगेत तुमच्यापुढं चौथा होतो, तुम्ही मान फिरवून उभे होता.” मग तो हळू बोलला, “पूल पाडलेले होते, दाजी. गोळ्या घेऊन छातीएवढ्या पाण्यातून चार दिवस चालत आलो. तुम्ही कधी विचारलंच नाही.”

घरी येऊन पुडी उघडली. फडक्याच्या घड्यांत नदीचा गाळ वाळून बसला आहे. मी रडलो, हे इथे नोंदवून ठेवतो.

पाच. रीतीप्रमाणे मला आईच्या कुळाच्या जमिनीत, डोंगरापलीकडे पुरायला हवे. मला पर्पेतुआशेजारी राहायचे आहे. जमीन बायकांची असली तरी थडग्याची जागा देणे रीतीने तिच्या भावाच्या हाती. आजवर नाक आडवे आले, आता लेखी मागतो. पुडी माझ्यासोबत ठेवावी.

सहा. अजून सरकारशी बोलणी व्हायची आहेत म्हणतात. झेंडा चढेपर्यंत मरायचा माझा विचार नाही. त्याआधी गेलोच, तर झेंडा चढेल त्या दिवशी कोणीतरी थडग्याशी येऊन मोठ्याने सांगावे. उजवा कान गेला आहे, डाव्या बाजूने सांगावे.

सही: सिल्व्हेरियस कोराई
तोबारा, १२ डिसेंबर २०१९

साक्षीदार पहिली: क्लेमेंसिया नेराऊ, शिक्षिका. कोराईंनी माझ्यासमोर सही केली, मध्ये ते दोनदा उठून नाचले.

साक्षीदार दुसरा: बेनेदिक्त तारोम. जागा दिली. बहिणीच्या उजवीकडची देतो, म्हणजे दाजींचा चालू कान तिच्याकडे राहील. झेंड्याचं तीच सांगेल.