रिकाम्या पाकिटाचा शकुन

३ मार्च, सोमवार

फुकट! कुठलं तरी नवीन क्रिप्टो नाणं निघालंय म्हणे, आणि शुक्रवारपर्यंत जो नाव नोंदवेल त्याला त्याची टोकनं फुकट. मंजुश्रीनं फोनवर आलेलं वाचून दाखवलं. फुकट आणि घाई एकत्र आली की मी दोन हात लांब राहतो.

व्यंकट — माझा मुलगा, मंजुश्रीचा बाप — वारून आठ महिने झाले. पोरानं बेंगळूरच्या नोकरीत साठवलं ते सगळं फोनमधल्या असल्याच नाण्यांच्या पाकिटात. दिसत नाही, हाताला लागत नाही. बारा इंग्रजी शब्दांची एक चिठ्ठी — ज्याच्या हाती ते शब्द, त्याचं पाकीट. चिठ्ठी माझ्याकडं, देवघरात; पाकीट मंजुश्रीच्या फोनमध्येही उघडतं. मंजुश्रीच्या नर्सिंगची फी जूनमध्ये त्यातूनच भरायची. दुसरं काही नाही आमच्याकडं.

नात हुशार. म्हणाली, "अज्जा, भ्यायलास कामून? पप्पाच्या पाकिटाला हातच लावायचा न्हाई. एक नवं रिकामं पाकीट काढायचं, तेवढंच त्यांच्या म्होरं करायचं. चोर निघाला तर रिकामं घिऊन जाईल!"

पटलं. आम्ही मेंढरं राखायचो तेव्हा अनोळखी डबक्यावर सगळा कळप सोडत नव्हतो. आधी एक म्हातारी मेंढी पाजायची, घटकाभर थांबायचं.

तिनं माझ्या फोनमध्ये नवं पाकीट काढून दिलं. वर बजावलं — बारा शब्द कुठंच लिहायचे नाहीत. कुणी विचारले तर बंद करायचं. वाचता आलं नाही त्याला हो म्हणायचं नाही. दुपारच्या गाडीनं कलबुर्गीला हॉस्टेलवर गेली. बारावीची परीक्षा आहे.

४ मार्च

नवं पाकीट उघडून बघितलं. शून्य. बंद केलं. परत उघडलं. शून्यच!

५ मार्च, बुधवार

हे रिकामं पाकीट डोक्यातून जात नाही. आमच्यात नवी थैली रिकामी ठेवत नाहीत. घोंगड्या विकायला बाजारात जायचं तर आई नव्या थैलीत आधी एक पैसा आणि हळकुंड टाकायची. रिकामी थैली घर रिकामं करते.

व्यंकटला पहिली नोकरी लागली तेव्हा मी बिदरच्या बाजारातून चामड्याचं पाकीट आणून दिलं होतं. कोरंच दिलं. आत रुपया टाकायचा राहिला. हे कुणाला सांगितलेलं नाही.

मंजुश्रीला फोन केला, नव्या पाकिटात व्यंकटच्या पाकिटातला एक कण तरी टाकू म्हणालो. हसायला लागली. "फोनमधल्या पाकिटाला कसला शकुन अज्जा! आता त्येला हळद लावतूस का?" हसली तर बरं वाटलं. पण मन ऐकत नाही.

६ मार्च, गुरुवार

मन्नाएखेळ्ळीला जाऊन आलो. भाचा रविकुमार — बहीण बाणूबाईचा — तिथं एका मोबाईलच्या दुकानात कामाला आहे. चिठ्ठी बंडीच्या आतल्या खिशात. बसमध्ये सारा वेळ हात तिथंच.

माझ्या फोनची काच फुटलेली, अक्षरं दाबली जात नाहीत. म्हणून व्यंकटचं पाकीट उघडायला त्याचा फोन मागितला. तो मागं सरला. "मामा, असले शब्द माझ्या फोनात नगोत. मंजूला इचार आधी."

मीच म्हणालो, तिला पोरीला शकुनाचं काय कळतं. मग त्यानं फोन दिला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. एकेक अक्षर शोधून बारा शब्द दाबले. अर्धा-पाऊण तास गेला. एक गिऱ्हाईक म्हणालं, "काका मॅट्रिकला बसायलेत का काय!" रवी भिंतीकडं बघतच हसला.

त्यानं एक कण नव्या पाकिटात टाकून दिला. टोकनंही मागून दिली — आली! कसलं तरी माकडाचं चित्र. चहा पाजला. मन हलकं झालं.

७ मार्च

मंजुश्रीला सांगितलं. "दुसऱ्याच्या फोनमधी, अज्जा?" मग म्हणाली, अभ्यास आहे, ठेवते. रागावली.

१० मार्च, सोमवार

तिचं ते 'दुसऱ्याच्या फोनमधी' तीन दिवस टोचत होतं. शेवटी आज पुन्हा मन्नाएखेळ्ळी. रवीला म्हणालो, उघडून दाखव.

उघडलं. शून्य.

व्यंकटच्या पाकिटात शून्य! सगळं शुक्रवारीच गेलेलं. रवीचा चेहरा उतरला. "मामा, भंडाऱ्याची आण, मी न्हाई." खोटी आण घेतोय असं वाटून माझं डोकं फिरलं. चार गिऱ्हाइकांसमोर थोबाडीत दिली. चोर म्हणालो. मेलेल्या बापावरून बोललो. त्यानं हात वर केला नाही. चष्मा पडला होता तेवढा उचलला. दुकानदार बघत होता.

११ मार्च

मंजुश्रीला कळवायचं नाही. पेपर चालू आहेत. सुनेलाही नाही. धनलक्ष्मी शिवण बाजूला ठेवून मला वाढते, मी भाकरी तशीच ठेवून उठतो. "बरं न्हाई का तुमाला?" विचारते. जूनमध्ये हिला काय सांगू?

१२ मार्च

दुकानदारानं रवीला काढलं. बाणूबाईचा फोन. "दादा, त्यो जेवंना झालाय. यिऊन एकदा बोल त्येच्याशी." मी म्हणालो, आधी घेतलेलं परत कर म्हणावं. ती मग म्हणाली, "बाप मेल्यावर तूच वाढिवलास त्येला. तुला ठाव न्हाई व्हय त्यो कसा हाय?"

मीच फोन ठेवला.

१४ मार्च

रविकुमार काल सकाळी घरातून गेला, आला नाही. पळाला म्हणजे चोरच.

फोन घरीच ठेवून गेलाय. चोर फोन ठेवून जाईल का? — नको. हा विचारच नको.

१६ मार्च, रविवार

मंजुश्री आली. चप्पल काढायच्या आधीच कानाशी लागून म्हणाली, "अज्जा, तू सांगितलास त्याच दिशी मी समदं दुसऱ्या नव्या पाकिटात हलवलं. पैसं हायत. तुझ्या पोटात काई ऱ्हात न्हाई, म्हणून म्हणलं समोर यिऊन सांगावं."

बाणूबाई सकाळपासून ओसरीवर बसली आहे. हातात रवीचा फोटो. पोलीस ठाण्यात जायचंय, सोबत चल म्हणते. तिला अजून काही सांगितलेलं नाही. सदरा घालून येतो म्हणून आत आलो, तो इथंच बसलोय.