रुंद पंज्याचे बूट

मोखाडा,
रविवार, २२ सप्टेंबर

ताई,

नमस्कार. दाजींनाही सांग. जिजाला एक पापा, तिने गाल पुसला तरी दुसरा.

आम्ही मास्तर-मास्तरीण दोघं बरे आहोत. उमेशची शाळा आणि माझी शाळा दोन्ही धडपणे चालू आहेत. मागच्या आठवड्यात साखरशेतला जाऊन आले. आईचा खोकला कमी आहे. बाबांची नागली यंदा झकास उभी आहे, भेटेल त्याला बांधावर नेऊन दाखवतात.

तुझा मेसेज मिळून पंधरा दिवस झाले. ‘येणार असशील तर बुटाचा नंबर कळव.’ मागे काही नाही, पुढे काही नाही. तरी त्या दिवशी दिवसभर मी तो उघडून बघत होते. दोन वर्षांनी तू मला आपणहून काहीतरी विचारलंस. फोन करणार होते, पण फोनवर आपण पावसावर बोलतो आणि ठेवून देतो. म्हणून लिहायला बसले.

तर मी येते आहे. हिमाचलला, तुमच्या मंडळाच्या बायकांबरोबर, चालत. फक्त माझे बूट तू घेऊ नकोस. घेतले असशील तर परत कर. ते मी जव्हारला जाऊन आणले.

मुद्दाम संध्याकाळी गेलो, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि सकाळी बसलेला बूट संध्याकाळी आवळतो. निघण्याआधी उमेशने माझी पावलं पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने आखली आणि कातरीने कापून घेतली. दुकानात प्रत्येक बुटात तो पुठ्ठा सरकवायचा. कडेला दुमडला की बूट बाद. मग आत हात घालून खिळा, शिवण, गाठ चाचपायची. अर्धं दुकान खाली निघालं. दुकानदार वैतागून म्हणाला, “अहो सर, बाई स्वतः आल्यात ना? पाय घालून बघू द्या. चावतोय का ते त्याच सांगतील.”

मी म्हटलं, “माझे नाहीत, बहिणीचे घेतोय.”

उमेश माझ्याकडे बघतच राहिला.

शेवटी रुंद पंज्याचे मिळाले. आत मऊ, तळ जाड, रंग मात्र शेवाळी, तुला आवडणार नाही. सामानाचं म्हणशील, तर पाठीवरचं ओझं अखेर तळव्यांवरच उतरतं, म्हणून दोनच कपडे, एक शाल, तेलाची छोटी बाटली, हातआरसा आणि पांढरे मोजे. मोजे मात्र भरपूर. तू म्हणशील, चिखलात पांढरे? सांगते.

आधी डोंगराचं सांगू दे.

बूट घरात थोडे थोडे घालून सवयीचे केले, तेव्हा म्हटलं एकदा चढून बघावं. आमच्या मागच्या पाड्यावर फागीआजी राहते. सत्तरीची असेल. गुरुवारी दारात येऊन म्हणाली, “मास्तरीणबाय, डोंगर फुललाय. बघाया येतीस?” कारवी फुलली होती, सात वर्षांनी. आपल्या साखरशेतच्या घराचा कूड कारवीचाच होता, काठ्या आपण वाहिल्या, पण डोंगरभर फूल मी कधी बघितलं नव्हतं. मागच्या खेपेला मी बीएडला होते.

काल सकाळी निघालो. आजी अनवाणी, पदरात भाकरी बांधलेली. माझे बूट बघून हसली. “यो डोंगर काय परका हाय का, जोडं घालून चढाया?”

वाटेत तिला काटा लागला. “आय गो!” म्हणून ती खाली बसली, नखाने काटा काढला, थुंकी लावली आणि चालू लागली. मी तिथेच उभी राहिले. ताई, खरं सांगते, मला तिचा हेवा वाटला. त्या ‘आय गो’चा.

खिंड ओलांडली आणि समोरचा सगळा उतार निळाजांभळा. मधे हिरवं दिसेना, कातळ दिसेना. ढग खाली उतरले होते, ते बाजूला सरकले की आणखी एक उतार उघडायचा, तोही तसाच. आणि आवाज! आधी मला वाटलं दूर कुठे गिरणी चालू आहे. मधमाश्या होत्या. अख्खा डोंगर गुणगुणत होता. तो आवाज कानात कमी आणि छातीत जास्त वाजत होता. आजीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि जमिनीला कपाळ टेकलं. मीही टेकलं. माती गार होती. कपाळाला ती लागली आणि मला रडू फुटलं.

आजीने कारण विचारलं नाही. म्हणाली, “बस. जोडं काढ. पाय मोकळं कर.”

बूट तर मला काढायचेच होते. चालणं झालं की काढायचे, मोजे उलटे करून बघायचे, तळवे आरशात बघायचे, असं मला शिकवलं आहे. पांढऱ्या मोज्यावर रक्त लगेच दिसतं. कारण मला ते कळत नाही, ताई. खडा रुतला, फोड आला, खिळा घुसला, तरी कळत नाही. माझ्या तळव्यांना संवेदना नाही.

मला कुष्ठरोग झाला होता. लिहिला एकदाचा शब्द. आई त्याला काय म्हणते ते तुला माहीत आहे, म्हणून आईला सांगितलेलं नाही. आधी मांडीवर एक फिकट चट्टा आला. मग एकदा चूल सारताना निखारा पायाखाली आला, तो मला वासावरून कळला. उमेशने मला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. वर्षभर गोळ्या घेतल्या. आजार पूर्ण गेला आहे. पायाची जाणीव तेवढी परत आली नाही.

गोळ्या सुरू होऊन महिना झाला होता आणि तुझ्याकडे जिजाचं बारसं निघालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता तुमच्यापासून कुणाला काही होत नाही, खुशाल जा. माझं डोकं ते ऐकत होतं, हात ऐकत नव्हते. तू तिला माझ्यापुढे धरलंस आणि मी हात मागे घेतले. सगळ्यांनी बघितलं. मग फोनवर तू विचारलंस, “माझ्या लेकीची तुला किळस आली का गं?” मी काहीच बोलले नाही. बोलले असते तर हे सगळं बोलावं लागलं असतं.

काल डोंगरावर फागीआजी बोलली, “आरशात काय बघतीस पायाचं?” आणि मी तिला सांगून टाकलं. उमेश सोडून पहिल्यांदा कुणाला तरी. मला वाटलं आता ती उठेल, जरा लांब बसेल.

“गोळ्या संपल्या?” तिने विचारलं.

“संपल्या.”

“मंग?”

तिने माझा पाय ओढून मांडीवर घेतला. “आरशात कुठं नीट दिसतं,” म्हणाली आणि टाचेपासून बोटांपर्यंत हात फिरवू लागली, बोटांच्या बेचक्यासुद्धा सोडल्या नाहीत. ताई, मी बघत होते. तिचा खरखरीत हात माझ्या तळव्यावरून फिरत होता. तो लागत नव्हता, पण दिसत होता. आणि तेवढं पुरे होतं. कसं पुरलं, ते मला अजून उमगलेलं नाही.

“कुठं काय नाय,” ती म्हणाली. “लालपण नाय. लेकराचा पाय हाय.” मग त्याच हाताने भाकरी मोडून अर्धी मला दिली.

एवढा डोंगर चढून उतरले आणि कातडी कुठे सोलली नाही. रात्रभर मला ते खरं वाटत नव्हतं.

आता हिमालय. तो याहून केवढा मोठा असेल याची मला कल्पना करता येत नाही. हे वाचून तुला माझ्याबरोबर एका तंबूत नको वाटलं, तर तसं लिही. मी रागावणार नाही, मंडळातल्या कुणाजवळ तरी जागा मागेन. पण येणार.

आणि तसं वाटलं नाही, तर एक मागते. मोठ्या बहिणीने धाकटीच्या पायाला हात लावायचा नसतो, हे मला ठाऊक आहे. तरी मुक्कामाला पोचलो की माझे तळवे एकदा बघशील?

तुझी,
रंजी