चिठ्ठीत आलेली बाजू

३१ ऑक्टोबर १९५६

इजिप्तात लढाई पेटली आणि आमच्या घरातही! आमचे वडील, भाऊ, सकाळपासून पेपर आपटतायत. "रात्री शेजाऱ्याची हद्द ओलांडून यायचं, झोपलेल्यांवर बॉम्ब टाकायचे — अशांना काय चहा पाजायचा? लष्करच घालायला हवं!"

मनमोहन माझा धाकटा भाऊ, पण वडिलांपुढेही जीभ सैल. "बॉम्बवाले निमित्त हो, भाऊ! इंग्रज कशाला घुसतोय? कालव्यातून त्याचं तेल येतं म्हणून. आपण त्यात पडायचंच कशाला?"

"असं? मग तुझा स्टोव्ह कशावर पेटतो रे? घासलेट काय गिरगावच्या विहिरीतून निघतं?"

आई म्हणाली, "आधी चकल्यांना तेल आणा, मग करा लढाई."

१ नोव्हेंबर

आजपासून द्विभाषिक राज्य. निषेध म्हणून वाडीने ठरवलंय, यंदा एकही कंदील लावायचा नाही. माझा अर्धा झालेला कंदील माळ्यावर गेला. बरोबरच आहे. तरी गॅलरीत अंधार बघून रडू आलं.

४ नोव्हेंबर, भाऊबीज

जयवंत आले होते! मराठी राज्यासाठी लढणाऱ्या समितीची पत्रकं द्यायला. पत्रकं काय, कुणीही देऊन गेलं असतं. काळाचौकीहून मुद्दाम आले.

जानेवारीत आमच्या नाक्यावर पोलिसांच्या गोळ्या चालल्या तेव्हा मला दंडाला धरून इराण्याच्या दारात ओढलं ते यांनी. तोवर नावही ठाऊक नव्हतं. तेव्हापासून समितीच्या कामाला मी कधी नाही म्हणत नाही. बाई, खरं कारण या वहीखेरीज कुणाला सांगण्यासारखं नाही. आम्ही जातीचे प्रभू, ते गिरणीकामगाराचे चिरंजीव — भाऊ तर घरच डोक्यावर घेतील!

माहुलला तेलाच्या कारखान्यात फिटर आहेत. जिन्यात थांबून म्हणाले, "कंपनी माणसं मागतेय. आखातात, तेलाच्या बंदरावर. तीन वर्षं."

मनात होतं, जाऊ नका. तोंडाने काय बोलले? "तुमचं तुम्ही बघा." मूर्ख!

ते दोन पायऱ्या उतरले, परत वळले. "तुम्हाला काय वाटतं?"

"मी कोण सांगणार?"

हसले नुसते. मंडळात मी बोलते, त्या पुढच्या व्याख्यानाला येतो म्हणाले.

७ नोव्हेंबर

लढाई थांबली म्हणे. कालव्यात जहाजं बुडवून ठेवलीत, तेल अडकलं. टंचाईच्या भीतीने घासलेटच्या दुकानापुढे रांग ठाकूरद्वारपर्यंत. मनमोहन डबा घेऊन उभा होता! भाऊंनी गॅलरीतून विचारलं, "काय रे, पडलास ना त्यात?"

११ नोव्हेंबर

मंडळात वादविवादासाठी चिठ्ठ्या काढल्या. विषय — 'दहशतीला उत्तर लष्कराने द्यावे, की हात झटकून बाहेर पडावे?' आमच्याकडे बाजू चिठ्ठीने ठरते, आणि व्यासपीठावर ते सांगायचं नाही. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की हिच्या काळजातूनच येतंय. मला 'लष्करा'ची बाजू आली. माझ्या मैत्रिणीला, कालिंदीला, 'माघार'.

जानेवारीतल्या गोळ्यांचा आवाज अजून कानांतून जात नाही. आणि मी लष्कराच्या बाजूने! मला तर वाटतं, कुणी कुठे जाऊच नये. ज्याने त्याने आपल्या घरी यावं, जेवावं. तेल नाही मिळालं तर कोळशावर भात शिजवू. मी शिजवीन. कुणासाठी, ते इथेही लिहीत नाही.

१४ नोव्हेंबर

स्वप्नात जिना. ते उतरतायत, उतरतायत, जिना संपत नाही. हाक मारायला तोंड उघडलं तर वर्गातली कविता बाहेर पडली. मास्तरीण झाल्याची शिक्षा!

१८ नोव्हेंबर

जिंकले!! काय बोलले मी! पहिली दोन वाक्यं नुसती पाठ केल्यासारखी म्हटली. मग ते दिसले — तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा सदरा, मांडीवर हात ठेवून. मग सभा गेली उडत. त्यांच्याकडे बघूनच बोलले.

"आपल्या चुली ज्या तेलावर पेटतात ते आपोआप येत नाही! कुणीतरी घर सोडून तिथे उभं राहतं म्हणून येतं. आग लागली की दार लावून बसणारे गल्लोगल्ली आहेत. त्या आगीकडे चालत जातो, त्याला मी पुरुष म्हणते!"

टाळ्याच टाळ्या. भाऊंनी चक्क डोळे पुसले. कालिंदी कानाशी म्हणाली, "नलू, तू खोटं इतकं छान बोलतेस?"

चहाच्या वेळी त्यांना शोधलं. निघून गेले होते. कारखान्यात पाळी असेल.

१९ नोव्हेंबर

त्यांना आवडलं असेल का?

२४ नोव्हेंबर

सहा दिवस पत्ता नाही. समितीच्या कचेरीत दोनदा गेले. जिन्यात चप्पल वाजली की कढी उतू जाते. आई म्हणते, "लक्ष कुठे असतं तुझं?"

लक्ष माहुलला असतं, आई. तुला कसं सांगू!

२९ नोव्हेंबर

पुरे झालं हे. त्यांची आठवण मी अशी किती दिवस वहीत कोंडणार? रविवारी काळाचौकीला जाते. लाज सोडून सांगते — जाऊ नका. कुणी विचारलं, तू कोण? तर त्याचंही उत्तर देईन. भाऊंचं मागून बघू.

माळ्यावरचा कंदील काढला. उरलेला कागद चिकटवला, हिरवा. त्यांना देईन. दिवाळी होऊन गेली तर गेली.

२ डिसेंबर

जाऊन आले. दार त्यांच्या आईने, अंबिकाबाईंनी उघडलं. कंदील हातातून घेतला, मला जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला.

"गो, जयवंत शुक्रवारीच बोटीर चढलो. आदी म्हणत होतो, आये, मी जावचंय नाय. तुझा भाषान ऐकून इलो आणि दुसऱ्या दिवशी सही करून मोकळो झालो. म्हणालो, तिच्या मनातला आज कळला."

बाजू चिठ्ठीने ठरते, हे त्यांना मी कधी सांगितलंच नव्हतं.