अर्थिंगची पट्टी

पिंगळी,
रविवार

प्रिय बसू,

प्रिय लिहिताना हात अडला. तरी लिहिलं, कारण पाठच्या भावाला दुसरं काय म्हणायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागद फाडायचा झाला तरी आधी उघडावा लागतो.

तुझ्या गाडीचा दोष सापडला. ही खबर पहिली देते, कारण तुला माणसांपेक्षा तिची काळजी जास्त. अपघातानंतर ती टोचन करून तू सिद्धोधनच्या गॅरेजात आणून टाकलीस आणि विकण्यापुरती चालू करून दे म्हणालास. ते गॅरेज माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तरी बहिणीच्या दारात आला नाहीस. असो. मी तिथं गेले ती केबिनमधलं तुझ्या दाजींचं अंथरूण आणि देवाचा फोटो काढून आणायला. बघते तर सिद्धोधन डोक्याला हात लावून बसलेला. सेल्फ मारला की इंजिन कण्हायचं, अर्धा फेरा घेऊन थांबायचं. त्यानं दुसरी बॅटरी लावून बघितली, सेल्फ खोलून साफ केला, डिझेलच्या नळ्या तपासल्या. फरक शून्य. मला म्हणाला, "अक्का, इंजिनात खोट न्हाई. मला कळंना झालंय."

तेव्हा मी त्याला सांगितलं, की हे इंजिन बसवल्यापासून आमच्या घरी रोज एकच तक्रार चालू होती. सकाळी सेल्फ मारला की करपल्याचा वास येतो, आणि अ‍ॅक्सिलेटर दिवसेंदिवस जड व्हायलाय. सिद्धोधननं मला केबिनमध्ये बसवलं, चावी फिरवायला लावली आणि स्वतः अ‍ॅक्सिलेटरच्या वायरीला हात लावून उभा राहिला. मी चावी फिरवली आणि तो ओरडलाच. वायर तव्यासारखी तापली होती. काढून बघितली तर आतलं प्लास्टिक वितळून तारेला चिकटलेलं. मग तो गाडीखाली गेला आणि तिथूनच बोलला, "अक्का, हितं अर्थिंगची पट्टीच न्हाई बगा!"

तुला माहीत नसेल तर सांगते, मीही परवाच शिकले. इंजिन रबरावर बसलेलं असतं, म्हणून त्याला चासीशी जोडणारी तांब्याची एक पट्टी लागते. करंट त्या वाटेनं बॅटरीकडं परत जातो. जुनं इंजिन उतरवताना तुझ्या मित्रानं, महारुद्रनं, ती सोडली. दुसरं चढवलं तेव्हा लावलीच नाही. गेल्या सालच्या सोयाबीनचा हंगाम होता, भाडी खोळंबली होती, तू त्याच्या मानगुटीवर बसला होतास. वाट तुटल्यावर सेल्फचा सगळा करंट अ‍ॅक्सिलेटरच्या वायरीतून जात राहिला, रोज तिला थोडं थोडं जाळत. सिद्धोधननं एक जाड वायर इंजिनापासून चासीला टेकवली आणि मला म्हणाला, मारा सेल्फ. क्षणात इंजिन चालू झालं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी स्टिअरिंगवर मुठी आपटत बसले. बिचारा सिद्धोधन घाबरून लांब जाऊन उभा राहिला.

बसू, एका पट्टीसाठी! आणि तुला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. यांनी माझ्यासमोर तुला फोन करून सांगितलं होतं, की गाडी एक दिवस उभी करू, पेडल अडकायलाय. तू काय म्हणालास? "दाजी, तुमी गाडी चालवा, इंजिनाचं मी बगतो." बघितलंस का मग?

बाजाराच्या दिवशी काय झालं ते तुला यांनी सांगितलं नाही, कारण तू तोंड उघडू दिलं नाहीस. मी सांगते. राणीसावरगावात शिरताना यांनी पाय उचलला आणि पेडल खालीच राहिलं. समोर बाजाराची गर्दी. ब्रेक दाबला तरी इंजिन गाडी पुढं रेटतच होतं. इंजिन बंद करायला स्टॉपर ओढायचा तर एक हात स्टिअरिंगवरून काढावा लागतो, आणि तेवढी सवड नव्हती. यांनी दोन्ही हातांनी गाडी नाल्याकडं वळवली. गाडी कलंडली, मागची शेरडं एकमेकांवर पडली, काही मेली. यांच्या खांद्याचं हाड मोडलं. माणसाला मात्र एकालाही ओरखडा आला नाही. ती शेरडं कस्तुराबाईची होती. रडत होती, पण रडता रडता तिनं यांच्या तोंडाला पाणी लावलं. म्हणाली, "लेकरा, तू वाचलास, बास झालं."

आणि मग तू आलास. मोटारसायकल नीट उभीसुद्धा केली नाहीस. "पिऊन चालवायलाय हा गाडी!" असं सगळ्या बाजाराला ऐकवलंस आणि मोडक्या खांद्यानं बसलेल्या माणसाच्या थोबाडीत मारलीस. गळ्यात इष्टलिंग असलेल्या, पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणाऱ्या माणसाला. आपल्या अप्पांनी ज्याच्या हातात त्या गाडीची चावी विश्वासानं दिली, त्याला. हे मला यांनी सांगितलेलं नाही. कस्तुराबाईनं सांगितलं. तुझ्याबद्दल वावगा शब्द हे अजून बोललेले नाहीत, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो. एखादी शिवी दिली असती तर मी जेवले असते.

हाड जुळलं आता. पण माणूस घराबाहेर पडत नाही. हे कधी चहाच्या हॉटेलात गेलेच तर कुणीतरी हसून विचारतं, काय कल्याणराव, आज किती घेतली? तुझा एक शब्द राणीसावरगावाहून पिंगळीला यांच्या आधी पोचला.

आता हे का लिहिलं ते ऐक. परभणीत दत्तराव म्हणून एक गृहस्थ आहेत, त्यांच्या शाळेच्या बसवर ड्रायव्हर पाहिजे. यांना बघितलं, गाडी चालवून घेतली, पसंत केलं. पण लेकरांची बस आहे, म्हणून आधी ज्याच्याकडं कामाला होते त्याला विचारून घेतो म्हणाले. दिवाळीची सुट्टी संपली की ते तुला फोन करतील. तो फोन उचल. दाजी चांगले आहेत असं सांगू नकोस, तेवढी मेहरबानी आम्हाला नको. अर्थिंगची पट्टी बसवलेली नव्हती, अ‍ॅक्सिलेटर अडकला, माझ्या दाजींनी दारू प्यायलेली नव्हती आणि मी खोटं बोललो, एवढंच सांग. पत्र लिहिलेलं यांना माहीत नाही. नवा शर्ट इस्त्री करून ठेवलाय यांनी, रोज कपाट उघडून बघतात. बाजारात जे बोललास ते बाजारात जाऊन परत घ्यायचं की नाही, ते तुझं तू ठरव. दत्तरावांना मात्र खरं सांग. सांगून झाल्यावर मला फोन कर. त्याआधी करू नकोस.

अजून तरी तुझीच,
वैजूअक्का