शून्य इंच पाणी

ती. दादास,

ब्रश बाजूला ठेवून दोन्ही हातांनी नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला? गेल्या मोठ्या भरतीपासून आपण बोललेलो नाही, पण तब्येतीची चौकशी अबोल्यात धरत नाहीत असं माझी बायको म्हणते. (फोन केला तर पुन्हा भांडशील, म्हणून पत्र.)

आम्ही मजेत. समुद्र मागच्या दारापासून साठ पावलं होता, आता वीस आहे, तेवढाच काय तो फरक. सरकार किनाऱ्यावरची घरं खांबांवर उचलून देणार आहे, पण पुढच्या मोठ्या भरतीआधी चाळीसच. भिंतीवर पाण्याचा डाग जितका उंच, तितका नंबर आधी. हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. कळलं एवढंच, की ऑफिसातली माणसं घर बघायला येणार. आता घर बघायला कोणी येणार म्हटल्यावर ही गप्प बसते होय? तीन दिवस घर घासलं. आणि मी, बत्तीस वर्षं होड्या रंगवणारा माणूस, भिंतींना होडीचाच रंग दिला, चांगले दोन हात. (तो खाऱ्या पाण्याला दाद देत नाही, डागाची काय कथा!) सर्व्हेवाल्या बाई टेप घेऊन आल्या, चपला दाराशी काढल्या, वाकून वाकून भिंती पाहिल्या आणि विचारलं, पाण्याचा डाग कुठे आहे? मी छाती फुगवून म्हणालो, "शोधून सापडायचा नाही." त्यांनी शून्य इंच लिहिलं, रंगाचं कौतुक केलं आणि चहा पिऊन गेल्या. शेजारच्या जाळीवाल्याने तीन वर्षांत भिंतीला हात लावलेला नाही. त्याचा डाग अडीच फूट, नंबर सातवा. आमचं यादीत नावच नाही. बायको माझ्यावर चिडली, मी तिच्यावर. शेवटी दोघं मिळून जाळीवाल्यावर चिडलो, तेव्हा जरा बरं वाटलं.

तू मात्र काळजी करू नकोस. पाणी आलं तरी पाय ओले होतात, बाकी काही नाही.

तुझा धाकटा

ता. क. बाईंना पुन्हा भेटलो. महिनाअखेरपर्यंत पाण्याचा जुना फोटो आणला तर नाव घालते म्हणाल्या. तू काढले होतेस. घराची अब्रू चव्हाट्यावर मांडतोस म्हणून मी तुला भरल्या घरातून जा म्हणालो, तेच. चुकलं माझं. पुसले नसशील तर पाठव.

आणखी एक. दारातला नको, त्यात पाणी कमी दिसतं. मी कंबरभर पाण्यात भिंतीला धरून उभा आहे, तो पाठव. तोंडावर घाम आहे असं मी तेव्हा म्हणालो होतो. रडत होतो, दादा.