राळ लागलेला हात

ता. ४ मार्च

चि. लंब्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पोरा, काय केलंस हे! कालचा सामना आम्ही वॉर्डातल्या टीव्हीवर बघत होतो. तुम्ही सगळे हँडबॉलवाले रांगेत उभे, आरोग्यमंत्री एकेकाशी हात मिळवत येतायत, आणि तुझ्यापाशी पोचले तर तुझे दोन्ही हात पाठीमागे! नुसती मान हलवलीस. त्यांचा हात तसाच हवेत. आमच्याकडे असा आरडाओरडा झाला की सात नंबरच्या खाटेवरची बाई कळा देता देता विचारायला लागली, कोण सुटली, मुलगा की मुलगी?

आमचा हा बारा खाटांचा बाळंतपणाचा वॉर्ड बंद करायचा हुकूम याच मंत्र्यांनी काढलाय. एकतीस तारखेनंतर बाळंतिणींनी सत्तर किलोमीटरवरच्या मोठ्या इस्पितळात जायचं. महिना झाला, आम्ही सिस्टर, आया, झाडूवाल्या बायका ड्यूटी संपली की गेटवर फलक घेऊन बसतो. आजवर आमची विचारपूस फक्त एका कुत्र्यानं केली होती. आज सकाळी तीन वर्तमानपत्रांची माणसं आली! तुझा फोटो मोठा करून गेटवर चिकटवलाय. त्यात नाक जरा जास्तच मोठं आलंय, पण त्यात छपाईवाल्याचा दोष नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी याच वॉर्डात तुला मी या हातांनी बाहेर काढला. पायाळू तू. डोक्याआधी पाय पुढे टाकायची खोड तेव्हापासूनची, आणि आम्ही तुला उगाच त्यावरून बोलायचो.

तुझे काका मात्र फुगून बसलेत. मंत्र्यांच्या पक्षाचे ते इथले शाखाप्रमुख, तेही अठरा वर्षांचे जुने. सकाळी त्यांनी चष्म्याच्या दुकानातला तुझा फोटो उतरवून मागच्या खोलीत ठेवला. दुपारी गिऱ्हाइकं त्या फोटोचीच चौकशी करायला लागली तेव्हा परत लावला, पण मंत्र्यांच्या फोटोपासून चार हात लांब. माझ्याशी बोलणं बंद आहे. चहा हवा असला की कपाशी बोलतात.

शिबिरात तुमचे फोन जमा करून घेतलेत म्हणून हे पत्र. स्वतःला जप, मंत्र्यांना जपायला माणसं आहेत. लोभ होताच, आजपासून त्यात थोडी मिजासही मिसळली आहे.

तुझी,
मावशी


ता. ८ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं, आणि दर वेळी आणखी थोडा खाली सरकलो. आता खाटेखाली बसून लिहितोय असं समज.

मावशी, तो निषेध नव्हता. ती राळ होती.

चेंडू निसटू नये म्हणून आम्ही बोटांना राळ लावतो, डिंकासारखी चिकट. मी इतरांच्या दुप्पट लावतो. गेल्या वर्षी एका प्रमुख पाहुण्यांशी असाच हात मिळवला, तर त्यांची अंगठी माझ्या तळव्याला चिकटून आली, आणि ती परत करताना त्यांचा रुमालही आला. तेव्हापासून प्रशिक्षकांचा दम आहे, राळ लावली की हात मागे. मंत्र्यांचा पांढराशुभ्र कोट बघितला आणि मी हात मागे नेले. खरं सांगू? ते मंत्री आहेत हेही मला माहीत नव्हतं. मला वाटलं चेंडू पुरवणाऱ्या कंपनीचे मालक.

सामना संपवून आत आलो तर निम्म्या संघानं टाळ्या वाजवल्या, निम्म्यानं तोंडं फिरवली. खोलीतला माझा सोबती, तो डाव्या बाजूला खेळणारा, तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मी खुलासा करायला तोंड उघडलं की तो दात घासायला जातो. कालच्या दिवसात सहा वेळा दात घासून झाले त्याचे.

आज हँडबॉल महासंघाचे सचिव एक कागद घेऊन आले. त्यावर दोनच वाक्यं आहेत. पहिलं, हाताला राळ होती म्हणून मी हात दिला नाही. दुसरं, मंत्रीमहोदय आणि त्यांची आरोग्यविषयक धोरणं यांबद्दल मला नितांत आदर आहे. पंधरा तारखेला पत्रकारांसमोर हे वाचायचं, नाहीतर जागतिक स्पर्धेच्या संघातून नाव कटाप. पहिलं वाक्य शंभर टक्के खरं आहे. दुसऱ्याचं काय, ते मलाच माहीत नाही. कारण, लिहायला लाज वाटते, पण वॉर्ड बंद होतोय हे तू आधीच्या दोन पत्रांत लिहिलं होतंस, आणि मी ती बसमध्ये वरवर चाळून खिशात घातली होती.

तुझ्या गेटवरच्या फोटोतला माणूस मी नाही. काय करू ते लिही. शिव्या घालायच्या असतील तर आधी त्या लिही, म्हणजे उरलेलं शांतपणे वाचता येईल.

माया आटू देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
लंब्या


ता. ११ मार्च

चि. लंब्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या मावशीनं वाचून टेबलावर ठेवलं, बरोबर माझ्या चष्म्याखाली. म्हणजे मी ते वाचावं अशीच तिची इच्छा असणार, असा अर्थ मी काढला.

म्हटलं नव्हतं मी! आमच्या घरातलं पोर असलं वावगं वागणारच नाही. आज सकाळपासून तेरा गिऱ्हाइकांना सांगून झालं. त्यातली दोघं नुसती पत्ता विचारायला आली होती. विरोधक इतके दिवस आरोपांची राळ उडवत होते, आणि निघाली काय, तर खरोखरची राळ! हा विनोद मी शाखेच्या बैठकीत केला. चांगला पिकला. दुसऱ्यांदा केला तेव्हा जरा कमी पिकला.

काल मंत्र्यांच्या कचेरीतून मला फोन आला. अठरा वर्षांतला पहिला. त्यांनी मला भलत्याच नावानं हाक मारली, पण आवाजात आपुलकी होती. मी नाव दुरुस्त केलं नाही. मोठ्या माणसांचा वेळ तरी किती घ्यायचा!

थट्टा राहू दे. कागद वाच आणि मोकळा हो. नऊ वर्षांचा असल्यापासून दुकानाच्या मागच्या भिंतीवर चेंडू आपटत माझे तीन आरसे फोडलेस, ते या स्पर्धेसाठीच ना? एका वाक्यापायी सगळं पाण्यात घालू नकोस. आणि मोठं इस्पितळ काही परदेशात नाही. गाडीनं अवघी पन्नास मिनिटं. मंत्र्यांनी स्वतः सांगितलंय, आकडेवारीसकट.

एक लिहायचं राहिलं. मावशीनं काल गेटवरचा तुझा फोटो स्वतः उतरवला आणि बायकांना कारणही सांगितलं. मी रस्त्यापलीकडून बघत होतो. वाटलं, आता तिला ऐकून घ्यावं लागणार. पण बायका परत आपापल्या जागी बसल्या. घरी आली, पाय धुतले, फोटोची गुंडाळी कपाटावर ठेवली आणि पडून राहिली. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, का कोण जाणे.

मत वेगळं असलं तरी माया तीच आहे, हे ध्यानात असू दे.

तुझा,
काका


ता. ११ मार्च

चि. लंब्यास,
आशीर्वाद.

शिव्या आधी लिही म्हणालास, पण शोधून सापडेनात. बसमध्ये पत्रं चाळलीस त्याबद्दल कान उपटायचाय, तो घरी आलास की.

राळ होती ना, मग राळ होती असंच सांग. खोट्याच्या टेकूवर उभा राहिलेला वॉर्ड मला नको. तो कधीतरी नेमका बाळंतिणीच्याच अंगावर पडेल. फोटो मी उतरवलाय. झाडूवाल्या बाईनं तेवढं विचारलं, फोटो खाली आला म्हणून आपणही उठायचं का? मी म्हटलं, आपण काही फोटोसाठी बसलो नव्हतो. मग सगळ्या परत बसल्या.

दुसऱ्या वाक्याचं तुझं तू ठरव. पण ठरवायला माहिती हवी, म्हणून लिहिते. रस्ता सत्तर किलोमीटर, वाटेत रेल्वेचं फाटक, आणि अँब्युलन्स एकच. गेल्या महिन्यात एक अडलेली बाई तिकडे हलवावी लागली. मी सोबत होते. फाटक पडलेलं. मालगाडी जात होती, मी मन खंबीर ठेवायला डबे मोजत होते, आणि एकोणचाळिसाव्या डब्याला मूल आलं. रडेना. उलटं धरलं, पाठ चोळली, तोंड साफ केलं. शेवटचा डबा गेला तेव्हा रडलं. 

हे वाचूनही मत झालं नाही, तर मत नाही असं सांग. चेंडू फेकणाऱ्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असलंच पाहिजे असं थोडंच आहे? पण दुसऱ्यानं लिहिलेलं मत आपलं म्हणून वाचू नकोस. आणि माझ्यासाठी म्हणून तर काहीच बोलू नकोस. मला भाचा हवाय. पोपट नको आणि हुतात्माही नको.

काकांनीही पत्र टाकलंय. पाकीट कुठे ठेवलंय हे विचारताना आज ते चुकून माझ्याशीच बोलले. लगेच सावरले.

जे बोलशील ते पोटभर जेवून बोल. माझा लोभ तुझ्या बोलण्यावर अवलंबून नाही.

तुझी,
मावशी


ता. १८ मार्च

ती. मावशीस व ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेलच, पण त्यात माझे नुसते ओठ हलताना दिसले असतील आणि आवाज निवेदकाचा आला असेल, म्हणून सविस्तर लिहितो.

हॉल छोटा, टेबलावर हिरवं कापड, शेजारी सचिव. मी राळेचं सगळं सांगितलं, अंगठी आणि रुमालासकट. पत्रकार इतके हसले की एकाच्या हातातला माइक पडला. सचिवांनी खूश होऊन माझ्या पाठीवर थाप मारली आणि कागदावरच्या दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं. मी कागदाची घडी घालून तो त्यांच्यापुढे सरकवला. म्हटलं, हे वाक्य माझं नाही, ज्याचं असेल त्यानं वाचावं.

तेव्हा मागच्या रांगेतली एक बाई उठली आणि तिनं विचारलं, आज तुमचा हात स्वच्छ आहे, मंत्री आत्ता समोर आले तर हात द्याल का?   पाण्याचा अख्खा पेला प्यालो, तेवढाच वेळ. मग म्हटलं, देईन की. हाताशी माझं काय वैर! पण हात धरला की त्यांना विनंती करीन, एकदा आमच्या गावच्या अँब्युलन्समधून त्या मोठ्या इस्पितळापर्यंत चला, आणि ते हो म्हणेपर्यंत सोडणार नाही. माझी पकड बरी आहे असं म्हणतात. मावशी, मी तुझ्यासाठी बोललो नाही. त्या एकोणचाळिसाव्या डब्यानं मला दोन रात्री झोपू दिलं नव्हतं.

सचिव उठून गेले. काल यादी लागली. त्यात मी नाही. काका, तुम्ही बरोबर सांगत होता; एका वाक्यानंच गेलं. यादीपाशी उभा राहून मी माझं नाव दोनदा शोधलं, वेड्यासारखं, जणू ते कुठल्या कोपऱ्यात लपलं असेल. मग बॅग भरली. खूप वाईट वाटतंय, ते लपवत नाही.

बॅग घेऊन निघालो तर तो दात घासणारा सोबती मागून आला आणि बॅग माझ्या हातातून घेऊन फाटकापर्यंत चालत आला. म्हणाला, त्याच्या बायकोला सातवा महिना आहे आणि त्यांच्या गावचं प्रसूतिगृह दोन वर्षांपूर्वीच बंद झालंय. म्हणाला, तो माझ्यावर रागावला नव्हता. आपल्याला का सुचलं नाही म्हणून स्वतःवर चिडला होता. आणि नंतर, राळेचं कळल्यावर, मलाही सुचलं नव्हतं म्हणून त्याला फार बरं वाटलं.

फोन परत मिळालाय, पण तो दिवसभर एवढा वाजतो की मोज्यात गुंडाळून ठेवलाय. सध्या क्लबच्या खोलीवर आहे, हंगाम सुरू व्हायला अवकाश आहे. चार एप्रिलला घरी येतोय. कान तयार आहे.

दोघांच्या मायेत मला पूर्वीइतकीच जागा असावी.

तुमचा,
लंब्या


ता. ३० मार्च

चि. लंब्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या मावशीला न दाखवता लिहितोय. तिला दाखवायला हरकत नाही, पण ती शुद्धलेखन तपासते.

तुझ्या त्या बोलण्यानं इथे भलतंच सुरू झालं. जो उठतो तो पत्रकार अँब्युलन्समधून प्रवास करायला येतो. कुणी लिहिलं दोन तास, कुणी अडीच. माझं डोकं फिरलं. पन्नास मिनिटांचे अडीच तास करणारी ही माणसं! म्हटलं, खुद्द शाखाप्रमुख जाईल आणि दूध का दूध करून येईल. चोवीस तारखेला वॉर्डातून एक पोरगी तिकडे हलवायची होती. नवरा कामावर अडकलेला, सोबत कुणी नाही. एक सिस्टर तिच्या उशाशी, मी समोरच्या बाकावर, गळ्यात स्टॉपवॉच.

पहिली दहा मिनिटं मी घड्याळाकडे बघितलं. मग त्या पोरीनं विचारलं, काका, किती राहिलं? मी म्हटलं, आलंच. खड्डा आला, ती कळवळली, परत विचारलं, किती राहिलं? मी म्हटलं, आलंच आता. फाटकापाशी गाडी उभी राहिली तेव्हाही मी तेच म्हटलं. लंब्या, मी तिला एकूण एकोणीस वेळा आलंच म्हणून सांगितलं. अठरा वर्षं राजकारणात आहे, पण एका दिवसात इतकं खोटं मी कधी बोललो नव्हतो. पोचलो तेव्हा ध्यानात आलं, घड्याळ चालूच आहे. दोन तास चार मिनिटं. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. मला मात्र सिस्टरनं बाकावर आडवं करून साखरेचं पाणी पाजलं.

परवाच्या बैठकीत, पक्षाचे जिल्ह्याचे लोक समोर असताना, मी उठून दोन तास चार मिनिटं सांगितली. एकानं विचारलं, घड्याळ नादुरुस्त असेल का? मी म्हटलं, मी चष्मेवाला आहे, घड्याळाचं मला कळत नाही, पण समोरचं दिसतंय की नाही हे तपासण्यातच माझी हयात गेली. या वेळी कुणी हसलं नाही. मंत्र्यांच्या कचेरीलाही पत्र धाडलंय, खाली माझं खरं नाव ठळक अक्षरांत लिहून.

आज बातमी आली, हुकूम सहा महिने पुढे ढकललाय, फेरतपासणीसाठी. रद्द नाही, नुसता पुढे. शाखाप्रमुखपद मात्र माझ्याकडून काढून घेतलंय. ते काही पुढे ढकललेलं नाही. तुझी जागा गेली त्याचं मला अजून वाईट वाटतं, आणि तो कागद वाच म्हणून मी लिहिलं त्याचंही. दोन्ही एकदम वाटतं. या वयात ही नवी अडचण.

सहा महिने बसायचंच म्हणून बायका गेटवरून उठलेल्या नाहीत. काल संध्याकाळी दुकान बंद करून मीही तिकडे गेलो आणि नुसता उभा राहिलो. तुझ्या मावशीनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. सव्वीस दिवसांत ती आपणहून माझ्याशी पहिलं वाक्य बोलली. म्हणाली, रोज येणार असाल तर येताना आपली खुर्ची घेऊन या, इथल्या मोजक्याच आहेत.

आज सकाळी मी दुकानातली, गिऱ्हाइकांच्या डोळे तपासणीची खुर्ची नेली. ती फिरते. झाडूवाल्या बाईंना फार आवडली. सध्या त्या बसल्या आहेत आणि मी उभाच आहे.

तू लवकर ये. येताना तुझ्यासाठी एक खुर्ची आण. माझा लोभ आहेच, बसायला जागा नाही एवढंच.

तुझा,
काका