फोटोवाली

९ फेब्रुवारी
ताईच्या डोहाळे जेवणाला द्यायचा अल्बम आज सुरू केला. काळी जाड पानं, फोटोला चार कोपरे, खाली पांढऱ्या पेनाने एक ओळ. खाडाखोड चालणार नाही, म्हणून ओळी आधी पेन्सिलने रफ कागदावर.
लहानपण एका पानात संपलं. घरात कॅमेऱ्याचा फोन आला तो मी कॉलेजला गेल्यावर. म्हणून मग एकदम साक्षगंध, हळद, लग्न. सगळे मी काढलेले. बरे आलेत. ओटीत नारळ पडतानाचा तर फारच.
जेवताना लक्षात आलं, मी कुठेच नाही. हळदीच्या एका फोटोत भिंतीवर हात वर केलेली सावली आहे. ती मी.

११ फेब्रुवारी
ऑफिसमधली अश्विनी म्हणते, तुझा एखादा फोटो दे, ॲपमध्ये टाकून ताईच्या बाजूला उभी करते, कोणाला कळणार नाही. मला कळेल ना. नको म्हटलं.
आईला फोन. साक्षगंधातला माझा एखादा असेल का, मामाच्या मोबाइलवर वगैरे.
"तूच तं काढून राहिली होती, तुया कुठून येईन?" आणि मग नेहमीचं, "तुयासारखे कोणालेच जमत नाही वं."
हे ऐकलं की अजूनही बरं वाटतं. त्या दिवशी मोरपंखी साडी इस्त्री करून ठेवली होती मी. आई म्हणाली, धावपळीत साडी पायात येते, कॉलेजचा कुर्ताच घाल. घातला.

१६ फेब्रुवारी
अर्धी रजा टाकून मिहानच्या ऑफिसातून धंतोलीच्या दवाखान्यात. ताईची सोनोग्राफी. सोबत तिच्या सासूबाई. नंबर यायला वेळ होता, त्यांनी माझ्या बॅगेतला अल्बम मांडीवर घेतला.
"साक्षगंधाले काय पळत होती वं तू. मी घरच्यांले म्हटलं होतं, फोटोवाली पोरगी मेहनती दिसते, आपल्या पोरीच्या लग्नातही हिलेच सांगू."
मला वाटलं, गंमत करतात.
"नाही वं, तुयी आईच म्हणाली. ही गावातली फोटोवाली, अन् लहानी हॉस्टेलवर, तिचे पेपर सुरू हाये. मंग लग्नात विदाईच्या वक्ती तू अशी रडाले लागली. म्हटलं, फोटोवाली काहून एवढी रडून राहिली? तवा कळलं, हेच लहानी."
पोट धरून हसल्या. मीही हसले. ताई हसली नाही. चपलेचा पट्टा पाहत बसली.
साक्षगंधाच्या दिवशी याच बाई मुद्दाम माझ्याजवळ येऊन म्हणाल्या होत्या, "पोरी, तूही जेवून घेजो." किती मायाळू सासू मिळाली ताईला, असं वाटलं होतं.
बाळ चांगलं आहे. हे आधी लिहायला हवं होतं.

१७ फेब्रुवारी
ताईला विचारलं. तिला माहीत होतं. तेव्हाच.
"तू खुश होती फोटो काढाले. मंग काय सांगाव तुले?"
ऑफिसात एकच मेल पुन्हा पुन्हा वाचला. अल्बम बॅगेतच.

२१ फेब्रुवारी
घरी. कळमेश्वरहून पुढे बस मिळाली नाही, बाबा कंपनीतून सुटून गाडीवर घ्यायला आले. रस्ताभर बोलले नाहीत. म्हणजे त्यांनाही माहीत होतं.
आई उद्यासाठी तांदूळ निवडत होती. सरळ विचारलं. आधी "जुनं काहून उकरतं?" मग सूप बाजूला ठेवलं.
या स्थळाच्या आधी एक स्थळ आलं होतं. चहा मी नेला होता, तो आठवतो. त्यांनी घरी जाऊन निरोप पाठवला: मोठी दहावीच झाली आहे, ती शिकणारी लहानी देत असाल तर बोलू. ताई तेव्हा जेवेना. मला सांगितलं होतं, पित्त झालंय.
"तुयापायी बहिणीचं मोडलं, असं तुले सांगतलं असतं, तं तू पुस्तक हाती धरलं असतं? आपल्या घरातली पयली शिकून राहिली होती तू."
नसतं धरलं. हे तिला माहीत आहे, मलाही.
"मग हॉस्टेलवरच राहू द्यायचं मला. बोलावलं कशाला?"
"सख्ख्या बहिणीचं साक्षगंध चुकवाव तुनं?"
ती परत तांदूळ निवडायला लागली.
विचारायचं एक राहूनच गेलं. फोटो खरंच चांगले येत होते का.

२२ फेब्रुवारी
डोहाळे जेवण झालं. मोरपंखी साडी नेसले. कोणी काही म्हणालं नाही.
ताई फुलांचे दागिने घालून बसली, तशी आईने सवयीने फोन माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही. हात मागे ठेवले. बायका पाहायला लागल्या.
"बस तिच्याजवळ," आई म्हणाली. "मी काढतो."
सासूबाई म्हणाल्या, "आता तुमीच फोटोवाल्या का, इहीनबाई?" सगळ्या हसल्या. आई सोडून.
ताईने माझा हात मांडीवर ओढून घेतला. मी सोडवला नाही. धरलाही नाही.
आईने एकच काढला. त्यात ताई पूर्ण, बाजूबंदाच्या शेवटच्या कळीपर्यंत. माझा एक कान, अर्धं कपाळ, मोरपंखी खांदा. बाकी मी बाहेर.
आईला फोटो काढता येत नाही. फोन वाकडा धरते, बोट मध्ये येतं, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण आज बोट मध्ये आलेलं नाही. फोन सरळ धरलेला आहे.
"आला काय चांगला?" तिने विचारलं.
तुझ्यासारखा कोणालाच जमत नाही, असं अगदी ओठावर आलं. फोन तिच्या हातात परत दिला.
अल्बम ताईला दिला नाही. एक पान बाकी आहे म्हणून सांगितलं. त्या पानावर आजच्या फोटोसाठी कोपरे चिकटवून झालेत. खालची ओळ पेन्सिलनेसुद्धा लिहवत नाही.